पट्टीवालीची वीत

नदीवरच्या जुन्या पुलाच्या मधल्या खांबाला एक लोखंडी पट्टी ठोकलेली आहे. पांढऱ्या रंगावर काळे आकडे, तळाशी शून्य, वर दहा मीटर. पाणी कुठवर आलंय ते वाचायचं आणि रजिस्टरात लिहायचं. रोज तीनदा, आणि नदी चढायला लागली की दर तासाला. एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं ना? मग एकदा करून बघा. अंगात ताप असताना, दारात पाहुणे उभे असताना, उन्हात डोळ्यांपुढे काजवे चमकत असताना. गेली सव्वीस वर्षं हे काम एक बाई करते आहे आणि सगळं शहर तिला पट्टीवाली म्हणतं. तिच्या आधी तिचे वडील हेच काम करायचे, त्यांना मात्र लोक पट्टीमास्तर म्हणायचे. बाईला मास्तरीण म्हणायला कुणाची जीभ वळली नाही, असं ती स्वतःच हसून सांगते.

पुलाच्या टोकाला तिची खोली. खोली कसली, खोकंच ते. एक टेबल, एक खुर्ची, चहाचा थर्मास, दुर्बीण, चाळीस वर्षांच्या रजिस्टरांची चळत आणि खिळ्याला दोरीने टांगलेली एक छोटीशी काठी. नवा माणूस आला की हमखास विचारायचा, ही काठी कशाला? ती म्हणायची, उंदरांसाठी. तिथे उंदीर कधीच नव्हते.

त्या काठीची गोष्ट अशी. चाळीस वर्षांपूर्वी मोठा पूर आला, त्यात वाहून आलेल्या झाडाने जुनी पट्टी उखडून नेली. नवी बसवायला जो मिस्त्री आला त्याला जुनी भोकं बुजलेली दिसली. त्याने थोडी वर नवी भोकं पाडली, पट्टी ठोकली आणि चालता झाला. आता पट्टीच वर सरकली म्हटल्यावर पाणी खरं असेल त्यापेक्षा कमी दिसणार, हे शेंबडं पोरही सांगेल. पट्टीमास्तरांनी खांबाशी जाऊन जुन्या आणि नव्या भोकांमधलं अंतर हाताने मोजलं. बरोबर एक वीत फरक. त्यांनी साहेबांना रीतसर पत्र लिहिलं, की पट्टी चुकीची बसली आहे, कृपया नीट बसवावी.

साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. "पट्टी तपासून मंजूर झालेली आहे," साहेब म्हणाले. "मंजुरीवर माझी सही आहे. म्हणजे माझी सही चुकीची, असं म्हणायचंय तुम्हाला?" मास्तर खाली मान घालून परत आले. पत्राला लेखी उत्तर कधी आलंच नाही. पण खोटा आकडा लिहायला त्यांचा हात धजेना. मग ते पट्टी वाचायचे, मनातल्या मनात वीत मिळवायचे आणि तो आकडा लिहायचे. खांबावर खोटी पट्टी आणि रजिस्टरात खरं पाणी, असा संसार चौदा वर्षं चालला.

निवृत्त होताना त्यांनी मुलीला काम शिकवलं. "पट्टी बघ, वीत मिळव, मग लिही." तिने आपला हात खांबाला लावून बघितला तर तिची वीत बोटभर तोकडी भरली. म्हणून त्यांनी आपल्या वितीएवढी काठी कापून दिली आणि वर बजावलं, "ही वीत ऑफिसात न्यायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या कुणी म्हणेल, मास्तर आकडे मनाने लिहायचा. मग चौदा वर्षांची रजिस्टरं रद्दीत जातील आणि माझं नाव त्यांच्याबरोबर." तिने शब्द दिला. तो सव्वीस वर्षं पाळला.

दोन वर्षांपूर्वी शहरात नवी व्यवस्था आली. नियंत्रण कक्षातली इंजिनिअरबाई सगळ्या जुन्या लोकांना समजावून सांगायला बसली. तरुण, चष्मेवाली, बोलायला गोड. ती म्हणाली, "आता आपल्याकडे चार एजंट असतील." पट्टीवालीने विचारलं, "विम्याचे का?" सगळे हसले. इंजिनिअरबाईसुद्धा हसली आणि मग तिने नीट सांगितलं. हे एजंट म्हणजे माणसं नव्हेत, संगणकातले प्रोग्राम. एक नदीवर लक्ष ठेवणार, एक धरणाच्या दरवाजांवर, एक रस्त्यांवर आणि एक दवाखान्यांवर. संकट आलं की चौघे एकमेकांना विचारून ठरवणार, पाणी किती सोडायचं, कोणता रस्ता बंद करायचा, कुणाला आधी हलवायचं.

"म्हणजे एका घरातल्या चार जावा," पट्टीवाली म्हणाली. "फरक इतकाच, की या एकमेकींशी बोलतात." तेव्हापासून ती त्यांना नदीवाली, धरणवाली, रस्तेवाली आणि दवाखानेवाली म्हणू लागली. महिन्याभरात नियंत्रण कक्षातही तीच नावं रुळली. तिला एक टॅब मिळाला. त्यावर ती माप पाठवायची आणि चारही जावांचं आपसातलं बोलणं तिला साध्या मराठीत वाचायला मिळायचं. सुरुवातीला तिने नाक मुरडलं, मग तिला त्याची गोडी लागली. घरी जाऊन वडिलांना सांगायची, आज धरणवाली नदीवालीवर जरा घसरली होती.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण मध्येच सेन्सर आला. गेल्या हिवाळ्यात वडिलांच्या मोतीबिंदूसाठी तिने चार दिवस रजा घेतली, नेमक्या त्याच दिवसांत एक तंत्रज्ञ येऊन पुलाखाली सेन्सर बसवून गेला. मिलिमीटरपर्यंत अचूक. पण त्याचं शून्य त्याने कशावरून लावलं? पट्टीवरून. बिचाऱ्याचा काय दोष, पट्टी समोर दिसत होती, वीत दिसत नव्हती.

तेव्हापासून रोज सकाळी तिने माप पाठवलं की खाली नदीवालीचा शेरा यायचा. "सेन्सरपेक्षा बावीस सेंटिमीटर जास्त. कारण: वाचकाची चूक." एकदा नव्हे, दोनदा नव्हे, दोनशे चौदा वेळा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. माणूस आणि सेन्सर यांच्यात फरक पडला तर सेन्सरचं ऐकायचं, असा नियमच जावांना घालून दिलेला होता. शेवटी ऑफिसातून कागद आला, की पुढच्या एक तारखेपासून हाताने माप घेणं बंद. तिला फार लागलं. दोनदा तिने इंजिनिअरबाईला फोन लावला आणि "हॅलो" म्हणून ठेवून दिला. वीत सांगितली तर वडिलांचं नाव जाणार, आणि न सांगितली तर आपली नोकरी. नोकरी गेली तर गेली, असं तिने ठरवून टाकलं आणि मूग गिळून बसली.

आणि मग तो दिवस उजाडला. शहरात लख्ख ऊन होतं, आकाशात औषधाला ढग नव्हता. पण वर डोंगरात दोन दिवस धो धो कोसळत होतं आणि धरण काठोकाठ भरलं होतं. सकाळी धरणवालीने कळवलं, "पाणी सोडणं भाग आहे." नदी फुगायला लागली. पट्टीवाली दर तासाला माप पाठवू लागली. वाळत घातलेल्या कपड्यांखाली लोक निवांत पेपर वाचत बसले होते.

साडेदहा वाजता नदीवालीचा अंदाज आला. "दुपारी तीन वाजता पाणी सर्वांत उंच असेल. सात मीटर सत्तर. खालच्या आळीचा बांध सात मीटर ऐंशी. बांध पुरेल. लोकांना हलवण्याची गरज नाही." रस्तेवालीने लिहिलं, "ठीक. रस्ते उघडे ठेवते." दवाखानेवालीने लिहिलं, "ठीक."

पट्टीवालीने ते वाचलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. सात सत्तर हे खोट्या पट्टीचं माप. त्यात वीत मिळवली की सात ब्याण्णव. म्हणजे बांधावरून वितीच्या निम्मं पाणी वाहणार, आणि एकदा वरून पाणी वाहायला लागलं की मातीचा बांध किती वेळ तग धरणार? बांधाखाली खालची आळी. चारशे बारा माणसं. तिच्या पोलक्यांची मापं तोंडपाठ असलेला शिंपी, तिच्याबरोबर शाळेत असलेली इस्त्रीवाली, त्या इस्त्रीवालीची नववा महिना लागलेली सून. या सगळ्यांना आत्ता सांगितलं जात होतं, की निवांत बसा.

ती खुर्चीत बसली. उठली. परत बसली. खिळ्यावरची काठी तिने हातात घेतली. तिला वडिलांचा चेहरा आठवला, ऑफिसातून खाली मान घालून आलेला. घरी आल्यावर ते जेवले नव्हते, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. आपण आज बोललो तर त्या माणसाला म्हातारपणी खोटारडा म्हणतील, आणि तेही पोटच्या पोरीच्या तोंडून. तिला रडू आलं. पदराने डोळे पुसून तिने फोन लावला.

"मॅडम, अंदाज चुकलाय. सात ब्याण्णव होणार आहे."

"मावशी, सेन्सर तीनदा तपासलाय हो आम्ही," इंजिनिअरबाई म्हणाली. आवाजात थकवा होता, पण उर्मटपणा नव्हता. "तुमचं माप नेहमीच बावीसने जास्त येतं. तुम्हालाही माहीत आहे ते."

"माहीत आहे. कारण मी मुद्दाम जास्त लिहिते."

मग पट्टीवालीने चाळीस वर्षांची मूठ उघडली. मिस्त्री, भोकं, साहेबांची सही, वडिलांची वीत, सगळं एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाली, "मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण आधी खालची आळी हलवा."

इंजिनिअरबाई हळू आवाजात म्हणाली, "माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण माझ्या एकटीच्या विश्वासावर चारशे माणसं हलत नाहीत. पुरावा हवा. काही आहे का, जो मी नदीवालीपुढे ठेवू शकेन?"

पुरावा. पट्टीवालीने खोलीभर नजर फिरवली. रजिस्टरांची चळत तशीच होती, त्या सगळ्यांचे फोटो काढून गेल्याच वर्षी संगणकात घातले होते. आणि मग तिच्या डोक्यात आलं ते इतकं साधं होतं, की इतके दिवस सुचलं कसं नाही म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"अगं पोरी, ऐक," ती म्हणाली. मॅडम वगैरे राहिलं बाजूला. "उन्हाळ्यात खालचा बंधारा बंद असतो. माझ्या पुलापासून बंधाऱ्यापर्यंत पाणी ताटातल्यासारखं निपचित पडलेलं असतं. निपचित पाणी एका टोकाला उंच आणि दुसऱ्या टोकाला खाली असतं का? बंधाऱ्यावर वेगळी पट्टी आहे, ती धड आहे. तिथलं माप आणि माझं माप उन्हाळ्यात एक यायला हवं. विचार तुझ्या नदीवालीला, कुणाचं जुळतं. माझं, माझ्या बापाचं, का तुझ्या सेन्सरचं?"

इंजिनिअरबाईच्या बोटांचा खडखडाट फोनमधून ऐकू आला. "विचारते. पण मावशी, वीत म्हणजे नक्की किती? माणसागणिक वेगळी असते ती."

पट्टीवालीने काठी टेबलावर ठेवली आणि रजिस्टरात रेघा मारायची फूटपट्टी तिला लावली. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "बावीस," ती म्हणाली, "आणि वर चार मिलिमीटर."

ती हे म्हणत होती तोवर टॅबवर नदीवालीचं उत्तर उमटलं. चाळीस उन्हाळे तपासायला तिला दीड मिनिट लागलं होतं. "पुलावरची हाताने घेतलेली सर्व मापं बंधाऱ्याशी जुळतात. सेन्सर जुळत नाही. सेन्सर कमी दाखवतो. फरक: बावीस सेंटिमीटर चार मिलिमीटर."

इंजिनिअरबाईने तो आकडा फोनवर परत एकदा मोठ्याने वाचला. काठी कापताना वडिलांनी किती काळजी घेतली असेल, हे पट्टीवालीला त्या क्षणी कळलं.

आणि मग चारही जावांनी पदर खोचले. नदीवालीने लिहिलं, "नवा अंदाज सात मीटर ब्याण्णव. बांधावरून पाणी जाईल. चार तास आहेत." धरणवालीने लगेच उत्तर दिलं, "दोन दरवाजे तासभर अडवून धरते. त्यापेक्षा जास्त जमणार नाही. शिखर अर्ध्या तासाने पुढे जाईल." रस्तेवालीने आळीपासून टेकडीवरच्या शाळेपर्यंतचा रस्ता एका दिशेने मोकळा केला, बसडेपोकडे सहा बसगाड्या मागितल्या आणि कोणती बस कुठल्या कोपऱ्यावर उभी राहील तेही सांगून टाकलं. दवाखानेवालीने सात अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी काढली, रुग्णवाहिकांचा क्रम लावला आणि नववा महिना लागलेल्या सुनेला सगळ्यांत आधी बसवलं. एवढ्या सगळ्यावर शेवटचा होकार इंजिनिअरबाईने दिला, आणि अकरा वाजता आळीतला भोंगा वाजला.

पट्टीवाली पुलावरून दुर्बिणीने बघत होती. बस भरत होत्या, निघत होत्या. ढकलाढकली नव्हती, कारण प्रत्येकाच्या फोनवर त्याच्या त्याच्या बसचा नंबर आला होता. एकट्या शिंप्याने घोळ घातला. गिऱ्हाइकांचे शिवलेले कपडे टाकून येणार नाही म्हणून तो दुकानात अडून बसला. ते कळल्यावर रस्तेवालीने कचरागाडी त्याच्या दारात पाठवली आणि शिंपी, कपडे, मशीन असं सगळं बिऱ्हाड त्यातून टेकडीवर गेलं. पट्टीवाली एकटीच खो खो हसली.

एक वाजता मोठा ओंडका येऊन पुलाखाली धडकला आणि सेन्सर मुका झाला. टॅबवर नदीवालीचं वाक्य आलं. "सेन्सर बंद. पुलावरच्या वाचकाची मापं खरी धरून पुढे जाते. दर दहा मिनिटांनी पाठवता येतील का?"

दोनशे चौदा वेळा चूक म्हणणारी ती हीच. पट्टीवालीने लिहिलं, "पाठवते. घाबरू नकोस." आणि अडीच तास ती रेलिंगशी उभी राहिली. चहा नाही, पाणी नाही. पट्टी बघ, वीत मिळव, मग लिही. सात दहा. सात एकतीस. सात पंचावन्न. तिच्या आकड्यावर धरणाचे दरवाजे हलत होते, तिच्या आकड्यावर बस धावत होत्या. सव्वीस वर्षांत तिला इतकं ताठ उभं राहिल्याचं आठवत नव्हतं.

अडीच वाजता दवाखानेवालीने शाळेतली मोजदाद कळवली. चारशे बारापैकी चारशे बारा. साडेतीनला पाणी सात मीटर एक्याण्णवला टेकलं आणि थांबलं. बांधावरून पांढरा फेस खाली उतरला, मग बांध मधोमध फुटला आणि खालच्या आळीत माणूसभर पाणी शिरलं. घरं भिजली, धान्याच्या कोठ्या वाहून गेल्या. पण त्या पाण्यात माणूस एकही नव्हता. पट्टीवालीचा जीव भांड्यात पडला आणि ती तिथेच पुलावर फतकल मारून बसली.

संध्याकाळी ती घरी निघाली तेव्हा मात्र तिने लांबचा रस्ता धरला. शहरभर तिचं नाव निघत होतं, पण घरी शब्द मोडल्याचं सांगायचं होतं. वडील दारातल्या खुर्चीत बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, कान अर्धे गेलेले, पण नदीचा विषय निघाला की सगळं ऐकू येतं.

"बाबा," ती त्यांच्या पायाशी बसून म्हणाली, "मी आज वीत सांगितली."

म्हाताऱ्याने खुर्चीचा दांडा धरला. "कुणाला?"

"सगळ्यांना."

"मग? काय म्हणाले? मास्तर खोटारडा?"

तिने टॅब काढला. दुपारनंतर नदीवालीने आपणहून जुने शेरे उघडले होते. दोनशे चौदाही ठिकाणी "वाचकाची चूक" खोडलेलं होतं आणि तिथे नवी ओळ होती. तिने ती मोठ्याने वाचली. "वाचक बरोबर. पट्टी चुकीची बसली आहे. नीट बसवावी. गेल्या चाळीस वर्षांची सर्व हाताने घेतलेली मापं खरी धरावीत."

"परत वाच."

तिने परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं आणि "पट्टी चुकीची बसली आहे" इथे स्वतःचेही ओठ हलवले. ते त्यांच्याच पत्रातलं वाक्य होतं, शब्दन् शब्द. डोळ्यांतून पाणी गालावर आलं ते त्यांनी पुसलं नाही.

"माझ्या पत्राचं उत्तर आलं म्हण की," ते म्हणाले. "चाळीस वर्षं लागली. सही कुणाची आहे?"

"सही नाही बाबा. यंत्राने लिहिलंय."

"असू दे. साहेबापेक्षा शहाणं निघालं." ते खुर्चीत सावरून बसले आणि ऑफिसात बसायचे तसा त्यांनी शर्ट नीट केला. "मग बघत काय बसलीस? उत्तर आलं की पोच द्यावी लागते. लिही."

तिने टॅब मांडीवर घेतला. ते सांगत गेले आणि ती लिहीत गेली. "आपले उत्तर आज मिळाले. आभारी आहे. आपला नम्र, पट्टीमास्तर."